1163.63 कुठे गेलं?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातला जुलै. लॅब मीटिंगमध्ये मी एक स्लाइड लावली होती आणि तिच्यावर माझा फार जीव होता. डावीकडे साध्या अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, स्पेक्ट्रम (कुठल्या वस्तुमानाचे तुकडे किती आहेत ते दाखवणारा आलेख), उजवीकडे तीन आठवडे ग्लुकोजच्या द्रावणात ठेवलेल्या अल्ब्युमिनचा. उजव्या स्पेक्ट्रममध्ये 1163.63 या आकड्यावर, म्हणजे प्रथिनाच्या एका तुकड्याच्या (पेप्टाइडच्या) वस्तुमानावर, लाल बाण काढला होता आणि बाणाखाली काहीच नव्हतं. मी ठामपणे म्हणाले, "हे पेप्टाइड नाहीसं झालंय. म्हणजे इथलं लायसिन ग्लुकोजने पूर्ण अडवलंय."

मॅडम थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "डावीकडे ते किती उंच आहे गं?"

मी डावीकडचा भाग मोठा करून दाखवला. 1163.63 ला एक बारीक उंचवटा होता, तळाच्या खरखरीपेक्षा जेमतेम वर.

"मग ग्लुकोज न घातलेल्या नमुन्यातही ते नाहीच म्हणायचं. कमी झालं हे कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढचे चार-पाच महिने गेले, आणि माल्डी, म्हणजे लेझरने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजणारं आमचं यंत्र, नेमकं काय आहे हे मला तेव्हा कुठे कळलं. त्याआधी दीड वर्ष मी ते यंत्र वापरतच होते.

विषय थोडक्यात सांगते. रक्तात साखर वाढलेली राहिली की ग्लुकोज प्रथिनांना चिकटतं. मधुमेहात एचबीए1सी तपासतात ते यातलंच, फक्त तिथे प्रथिन हिमोग्लोबिन असतं आणि ग्लुकोज त्याच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनमध्ये ते मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं. प्रथिनाचे तुकडे करायला आम्ही ट्रिप्सिन वापरतो, आणि ट्रिप्सिन फक्त दोन ठिकाणी कापतं, लायसिननंतर आणि आर्जिनिननंतर. लायसिनवर ग्लुकोज बसलं की ट्रिप्सिनला तिथे कापता येत नाही. म्हणून मी असा हिशेब मांडला होता की लायसिनवर संपणारे तुकडे मोजायचे, आणि जो तुकडा कमी होईल त्याच्या टोकाच्या लायसिनवर साखर बसली असं समजायचं. 1163.63 हा गायीच्या अल्ब्युमिनमधला दहा अमिनो आम्लांचा असाच एक तुकडा, ल्युसिनपासून सुरू होऊन लायसिनवर संपणारा. ट्रिप्सिनचं काम नीट झालं असेल तर तो साध्या नमुन्यात असायलाच हवा.

पहिला संशय अर्थातच हातावर गेला, म्हणजे स्पॉट टाकण्याच्या पद्धतीवर.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माल्डीत नमुना एकटा जात नाही. त्याच्याबरोबर हजारो पट जास्त प्रमाणात एक छोटा आम्लधर्मी सेंद्रिय रेणू मिसळतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आमच्याकडे सीएचसीए, म्हणजे अल्फा-सायनो-4-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्ल. फिकट पिवळी पावडर. निम्मं ॲसिटोनायट्राइल, निम्मं पाणी आणि 0.1 टक्का ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल, त्यात ती विरघळेल तेवढी विरघळवायची, वरचं नितळ द्रावण घ्यायचं. स्टीलच्या प्लेटवर अर्धा मायक्रोलिटर नमुना, त्यावर अर्धा मायक्रोलिटर मॅट्रिक्स. टिप प्लेटला टेकवायची नाही, थेंब टिपेवर लोंबकळला की थेंबालाच प्लेटला टेकू द्यायचं. मग वाट बघायची. कडेने एक पिवळी रेघ उमटते, ती आत सरकत येते, आणि दोन-तीन मिनिटांत थेंबाच्या जागी साखरेच्या बारीक कणांसारखा पिवळा थर उरतो. पेप्टाइड त्या स्फटिकांत अडकलेलं असतं. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत हेच वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि स्फटिक मोठे, विरळ येतात. मी एसीजवळच्या टेबलावर प्लेट ठेवायला लागले, तेव्हा थर एकसारखा यायला लागला.

थर सुधारला, पण 1163.63 काही वर आलं नाही.

त्याच काळात दुसरा एक घोळ सापडला. 927.49 हे माझं सगळ्यात उंच पीक. शिखराला लॅबमध्ये आम्ही पीकच म्हणतो. त्याच्या उजव्या बाजूला 949.48 आणि 965.45 अशी दोन उपरी पिकं रोज दिसायची. फरक 21.98 आणि 37.96. म्हणजे पेप्टाइडने प्रोटॉनच्या जागी सोडियम आणि पोटॅशियम उचललं होतं. यंत्र सांभाळणारे काका तीस वर्षं या कामात आहेत. त्यांनी माझी पाण्याची बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "अगं, काचेत पाणी ठेवलंस होय? काच सोडियम सोडते. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेव, आणि रोजच्या रोज भर." मग त्यांनी प्लेट धुवायला शिकवलं. वाळलेल्या स्पॉटवर गार, आम्ल घातलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, पाच सेकंदांनी ओढून घ्यायचा. सीएचसीए गार आम्लाच्या पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे मीठ जातं आणि स्फटिक राहतात. डीएचबी नावाचं दुसरं मॅट्रिक्स असतं, त्याच्यावर हे करायला गेलात तर सगळा स्पॉटच वाहून जाईल.

सोडियम गेलं. लायसिनवाल्या पेप्टाइडचा मात्र पत्ता नव्हता. लेझर वाढवून पाहिला. माल्डीत लेझरला एक उंबरठा असतो, त्याखाली काहीच दिसत नाही आणि त्याच्यावर गेलं की सिग्नल एकदम उसळतो. आणखी वाढवला की पिकं जाड होतात, शेजारशेजारची पिकं एकमेकांत मिसळतात, पेप्टाइडं तुटायला लागतात. मी नेमकं तेच करून ठेवलं. काकांनी मागून येऊन काही न बोलता आकडा खाली आणला.

मग एक दिवस तोच नमुना, त्याच नळीतला, वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रोस्प्रे यंत्रात घातला. तेही वस्तुमानच मोजतं, पण लेझरऐवजी द्रावणाचा फवारा उडवून. तिथे 582.32 ला एक भलं मोठं पीक आलं. 582.32 म्हणजे आमचंच 1163.63, एकाऐवजी दोन प्रोटॉन घेऊन आलेलं, म्हणून आकडा निम्म्यावर. त्या यंत्रात ते पहिल्या दोन-तीन पिकांत होतं.

म्हणजे ट्रिप्सिनने आपलं काम केलं होतं. पेप्टाइड नळीत होतं, भरपूर होतं. माझ्या यंत्रात ते प्लेटवरच्या थरातून निघून डिटेक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत कुठेतरी हरवत होतं. माझं घोडं स्पॉटवर अडलं नव्हतं, त्याच्या पुढे अडलं होतं.

मॅडमनी सुचवलं की हे पेप्टाइड शुद्ध स्वरूपात मागव, आणि सोबत 927.49 वालंही मागव. दोन्ही यायला सहा आठवडे लागणार होते. त्या सहा आठवड्यांत मी फक्त वाचन केलं.

वाचताना आधी इतिहास आला. 1985 साली मिखाएल करास आणि फ्रान्झ हिलेनकॅम्प यांच्या लक्षात आलं की ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लेझर शोषतं, आणि ॲलानिन त्याच्यात मिसळलं तर एरवी न दिसणारं ॲलानिनही दिसायला लागतं. एक रेणू लेझर झेलतो आणि दुसऱ्याला वर उचलतो. मॅट्रिक्सची कल्पना तिथून आली. 1988 मध्ये त्यांनी निकोटिनिक आम्ल वापरून मोठी प्रथिनं दाखवली. त्याच सुमारास जपानमध्ये क्योटोला शिमाद्झू कंपनीतले कोइची तनाका ग्लिसरॉलमध्ये कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड मिसळून तेच साधत होते. तनाकांचं शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं. त्यांनी स्वतः सांगितलंय की एकदा चुकून कोबाल्टच्या पुडीत ग्लिसरॉल पडलं, टाकून देणं जिवावर आलं म्हणून तोच नमुना यंत्रात घातला. 2002 साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. इलेक्ट्रोस्प्रेचे जॉन फेन त्याच वर्षी त्यांच्या जोडीला होते. माझ्या खालच्या मजल्यावरचं यंत्र आणि वरच्या मजल्यावरचं यंत्र, दोन्हींचा सन्मान एकाच दिवशी झाला होता, हे वाचून मला का कोण जाणे खूप बरं वाटलं.

पण मला हवं होतं ते इतिहासात नव्हतं. यंत्राला फक्त प्रभार असलेले रेणू दिसतात, आणि पेप्टाइडला तो प्रभार प्रोटॉनमुळे येतो. मला विचारायचं होतं की पेप्टाइडला हा प्रोटॉन मिळतो कुठून.

आमच्या यंत्रातला लेझर 355 नॅनोमीटरचा. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण 3.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट. डीएचबीच्या एका सुट्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 8 लागतात. दोन फोटॉन मिळून 7. म्हणजे दोन फोटॉनांतही भागत नाही. तरीही आयन तयार होतात, हे तर आपण रोज बघतो. यावर दोन मतं आहेत आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय.

एक मत रिचर्ड क्नोखेनमुस आणि रेनाटो झेनोबी यांच्याशी जोडलं जातं. लेझरने उत्तेजित झालेले मॅट्रिक्सचे शेजारी रेणू आपापली ऊर्जा एकत्र करतात, एकाच्या पदरात सगळी पडते आणि तो आयन होतो. मग स्फटिकातून वाफेचा जो लोट उठतो, त्या लोटात टक्करीमागून टक्कर होत हा प्रभार हातोहात फिरतो. शेवटी प्रोटॉन पेप्टाइडकडे जातो, कारण पेप्टाइडला प्रोटॉनची ओढ मॅट्रिक्सपेक्षा जास्त असते.

दुसरं मत करास यांचं. ते म्हणतात, पेप्टाइड स्फटिकात शिरलं तेव्हाच प्रोटॉन घेऊन शिरलेलं असतं, द्रावण आम्ल असतं ना. लेझर पडल्यावर स्फटिक फुटतो, बहुतेक आयनांना त्यांचे जोडीदार प्रतिआयन भेटतात आणि ते उदासीन होतात. जे थोडे वाचतात तेच आपल्याला दिसतात. 2000 सालच्या लेखात त्यांना 'नशिबाने वाचलेले' असंच नाव दिलंय. मला हे नाव फार आवडलं. लेझरने उडवलेल्या रेणूंपैकी बहुतांश मोजमापांत हजारात एकही आयन होत नाही. आपण सगळं संशोधन त्या उरलेल्यांवर करतो.

2011 मध्ये टॉर्स्टन यास्कोला आणि करास यांनीच ड्युटेरियमचा (जड हायड्रोजनचा) वापर करून दाखवलं की दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि कुठली किती चालते ते मॅट्रिक्सवर अवलंबून असतं. आपलंच मत इतक्या मोकळेपणाने रुंद करणारे लोक विज्ञानात असतात, हे त्या वयात वाचायला मिळालं याचं मला समाधान आहे.

वाद कुठलाही असो, माझ्या पेप्टाइडच्या बाबतीत एक आकडा दोन्हीकडे महत्त्वाचा होता, तो म्हणजे प्रोटॉन ॲफिनिटी. वायुरूपातल्या रेणूने एक प्रोटॉन घेतला की किती ऊर्जा बाहेर पडते, ती. पाण्याची 691 किलोज्यूल प्रति मोल. अमोनियाची 854. डीएचबीची 850 च्या आसपास. ग्लायसिनची 887, लायसिनची 996. आर्जिनिनची 1051.

हे आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि तिथेच थांबले. लायसिन आणि आर्जिनिनमध्ये 55 चा फरक. पाण्यात दोघंही तसे सारखेच वागतात, आम्ल द्रावणात दोघांवरही प्रोटॉन असतोच, त्यामुळे मी आजवर त्यांच्यात कधी भेद केला नव्हता. ट्रिप्सिन दोघांनाही कापतं, म्हणून माझ्या डोक्यात ती एक जोडी होती. पण पाणी काढून घेतलं की चित्र बदलतं. आर्जिनिनच्या टोकाला ग्वानिडिन गट असतो, एका कार्बनभोवती तीन नायट्रोजन. त्याच्यावर आलेला प्रोटॉनचा प्रभार तिन्ही नायट्रोजनांवर पसरतो. लायसिनच्या टोकाला एकच नायट्रोजन, सगळा भार त्याच्यावर. पाण्यात आजूबाजूचे रेणू त्याला सावरतात, लोटात सावरायला कुणी नसतं.

लोटाचं तापमान 500 केल्विन धरून मी वहीत गणित केलं. सुटं लायसिन आणि सुटं आर्जिनिन यांच्यात एका प्रोटॉनसाठी पूर्ण समतोल झाला, तर फक्त ऊर्जेच्या फरकामुळे पारडं साडेपाच लाखाला एक असं आर्जिनिनकडे झुकतं. हा आकडा पाहून मी घाबरले. असं खरंच असतं तर लायसिनवर संपणारं एकही पेप्टाइड माल्डीत कधीच दिसलं नसतं. पण ती दिसतात. कारण लोट फार लवकर विरळ होतो, टक्करी थांबतात आणि हिशेब अर्धवट राहतो. शिवाय पेप्टाइड म्हणजे नुसतं टोक नव्हे. त्याच्या कण्यातले ऑक्सिजन वळून येतात आणि प्रोटॉनला धरतात, त्यामुळे फरक कमी होतो. तरीही पारडं कुठे झुकतंय ते उघड होतं. 1999 मध्ये क्राउझे, वेन्शू आणि युंगब्लुट यांनी हीच गोष्ट मोजून लेखाच्या शीर्षकातच आर्जिनिनच्या वर्चस्वाबद्दल लिहिलं होतं. तो लेख माझ्या जन्माच्या आसपासचा. मी तो दीड वर्षापूर्वीच वाचायला हवा होता.

माझं 927.49 आर्जिनिनवर संपतं. 1479.80, दुसरं उंच पीक, तेही आर्जिनिनवर. 1163.63 लायसिनवर, आणि त्यातही त्याच्या पोटात दोन ग्लुटामिक आम्लं.

सप्टेंबरच्या शेवटी शुद्ध पेप्टाइडं आली. त्या दिवशी केलेला प्रयोग आयुष्यात विसरणार नाही, इतका तो साधा होता. पहिल्या स्पॉटमध्ये फक्त लायसिनवालं. लेझर मारला आणि 1163.63 पडद्यावर ताठ उभं राहिलं, सुंदर, आयसोटोपांची पायरी पायरी दिसत होती. दोन-अडीच महिने शोधत होते ते. दुसऱ्या स्पॉटमध्ये फक्त आर्जिनिनवालं, तेही छान. तिसऱ्या स्पॉटमध्ये दोन्ही, मोलच्या हिशेबाने समसमान. 927.49 होतं तसंच राहिलं आणि 1163.63 खाली बसलं, सात-आठपट लहान. चौथ्या स्पॉटमध्ये आर्जिनिनवालं दहापट वाढवलं, तर लायसिनवालं पुन्हा तोच बारीक उंचवटा झालं, माझ्या स्लाइडवरचा.

मी काकांना हाक मारली. ते आले, चारही स्पेक्ट्रम एकाखाली एक बघितले आणि म्हणाले, "बघ, होतं की. त्याच्या तोंडचा घास दुसऱ्याने काढला." रासायनिक भाषेत याला सप्रेशन म्हणतात. काकांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

आता पुढचा विचार सरळ होता. लायसिनची ओढ कमी पडतेय, तर लायसिनलाच आर्जिनिनसारखं करता येईल का? येतं. ओ-मिथाइलआयसोयुरिया नावाचा अभिकर्मक आहे, तो लायसिनच्या टोकाच्या अमाइनवर ग्वानिडिन गट बसवतो आणि लायसिनचं होमोआर्जिनिन होतं, आर्जिनिनपेक्षा फक्त एक कार्बन लांब. वस्तुमान 42.02 ने वाढतं. आर्जिनिनला काही होत नाही. ही युक्ती माझी नाही, प्रोटिओमिक्सवाल्यांनी, म्हणजे प्रथिनांचा एकगठ्ठा अभ्यास करणाऱ्यांनी, 2000 च्या आसपास ती भरपूर वापरली आहे. मला ती लागू करायची होती.

करताना तीन वेळा बिघडलं. पहिल्यांदा द्रावण पुरेसं अल्कधर्मी नव्हतं, अर्धंच काम झालं आणि 1163.63 व 1205.65 दोन्ही दिसत राहिली. दुसऱ्यांदा द्रावण अल्कधर्मी करायला वापरलेल्या अमोनियाची बाटली जुनी निघाली, तिच्यातला अमोनिया बराचसा उडून गेला होता, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रासायनिक काम नीट झालं पण अभिकर्मकाचं सगळं मीठ नमुन्यात राहिलं आणि स्पॉटवर मॅट्रिक्सचे स्फटिकच धरले नाहीत, नुसता ओलसर पांढरा डाग. मग सी18 च्या बारीक टिपेतून नमुना दहा वेळा वर-खाली करून धुतला. पेप्टाइड टिपेत चिकटतं, मीठ निघून जातं, आणि शेवटी ॲसिटोनायट्राइल घातलेल्या दोन मायक्रोलिटरमध्ये ते सोडवून घ्यायचं.

नोव्हेंबरात चौथ्यांदा केलं. ताजा अमोनिया, 65 अंशांवर दहा मिनिटं, मग आम्ल घालून थांबवलं. हवा कोरडी होती, स्पॉट झटकन वाळला. साध्या अल्ब्युमिनचा स्पेक्ट्रम उघडला. 927.49 जागच्या जागी. 1479.80 जागच्या जागी. आणि 1205.65 ला, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे पहिल्या पाचांत बसेल असं पीक. 1163.63 आणि 42.02.

मी मॅडमच्या केबिनमध्ये धावतच गेले. त्यांनी नीट पाहिलं, खुश झाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "छान. पण यावरून प्रोटॉन लोटात मिळाला की आधीच होता हे सिद्ध होत नाही हं. ग्वानिडिन दोन्ही वाटांनी जिंकतो. लोटात तो प्रोटॉन ओढतो, आणि स्फटिकातून आधीचा घेऊन निघाला असेल तर तो सोडत नाही." मी तसं लिहायच्या बेतात होतेच, म्हणून ते वाक्य मी तिथेच खोडलं.

आता खरी परीक्षा. ग्लुकोजमध्ये ठेवलेला नमुना त्याच पद्धतीने केला. माझ्या जुलैच्या दाव्याप्रमाणे तिथे 1205.65 असायला नको होतं.

होतं. साध्या नमुन्यापेक्षा थोडं बुटकं, पण स्वच्छ होतं. त्या लायसिनवर थोडी साखर बसली असेल, पूर्ण तर नक्कीच नाही. जुलैतला लाल बाण चुकीचा होता. ग्लुकोजच्या नमुन्यात पेप्टाइडचं मिश्रण थोडं बदललं होतं, मीठ वेगळं होतं, आणि आधीच उंबरठ्यावर असलेलं पीक तेवढ्याने खरखरीत बुडालं होतं. मी त्याचा अर्थ जीवशास्त्रात शोधला होता.

ती स्लाइड मी काढून टाकली नाही. तिच्याखाली नवा स्पेक्ट्रम जोडला आणि डिसेंबरच्या मीटिंगमध्ये दोन्ही दाखवले. माझ्या मागून आलेल्या दोन मुलांची कामंही लायसिनवरच होती, त्यांनी त्याच आठवड्यात आपले जुने स्पेक्ट्रम पुन्हा उघडले.

एक अडचण मात्र उरली होती. बुटकं म्हणजे नेमकं किती बुटकं? पिकाची उंची प्रोटॉनच्या भांडणावर ठरते हे आता मला ठाऊक होतं, तर दोन वेगळ्या स्पॉटमधल्या उंचींची तुलना मी कुठल्या तोंडाने करणार? यास्कोला, लेहमान आणि करास यांनी 2008 मध्ये सीएचसीएतला हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरिन बसवलेलं एक मॅट्रिक्स काढलं, ज्याची स्वतःची प्रोटॉनची ओढ कमी आहे आणि जे प्रोटॉन सहज देऊन टाकतं. लायसिनवाल्यांना त्याने खूप मदत होते. ते मी मागवलं, आणि खरंच होते. पण भांडण त्यानेही मिटत नाही, फक्त हरणाऱ्याला थोडं जास्त मिळतं.

उपाय निघाला तो जुळ्याचा. तेच पेप्टाइड, त्याच क्रमाचं, फक्त शेवटच्या लायसिनमधले सहा कार्बन कार्बन-13 आणि दोन नायट्रोजन नायट्रोजन-15. वजन 8.01 ने जास्त, बाकी रसायन तंतोतंत सारखं. प्रोटॉनची ओढ तीच, स्फटिकात शिरण्याची सवय तीच, शेजारी कुणीही आला तरी दोघांचं नुकसान सारखंच. ठरावीक मात्रेत ते दोन्ही नमुन्यांत घातलं, ग्वानिडिन बसवलं आणि प्लेट आत सरकवली. पंपाचा आवाज बदलला, हिरवा दिवा लागला. काका शेजारी स्टूल ओढून बसले. मी लेझरचा आकडा उंबरठ्याच्या जरा वर ठेवला आणि पडद्यावर 1205.65 आणि 1213.67 शेजारी शेजारी उगवायला लागली.